दुधातली पुडी

आमच्याकडे घोरणं हा पुरुषांचा हक्क. बाई घोरते म्हटलं की हसायचं, नाहीतर विषय बदलायचा. माझं घोरणं भिंतीपलीकडे पुतण्याला ऐकू जायचं, तरी घरात कोणी ब्र काढत नव्हतं. शेवटी ह्यांनीच तोंड उघडलं. "घोरतेस त्याचं काही नाही गं," म्हणाले, "पण मधेच थांबतेस. आवाज नाही, श्वास नाही. मग एकदम हुंदका आल्यासारखी धडपडतेस. तोवर माझ्या जिवात जीव नसतो."

मला यातलं काही आठवायचं नाही. जाणवायचं ते सकाळचं जड डोकं आणि कोरडं पडलेलं तोंड. खालापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. एकदा वह्या तपासताना डुलकी लागली आणि लाल पेन पानभर घसरत गेलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वही पुढे केली. "बाई, इथे काय चुकलं?"

त्यातच मांड्या दुखायला लागल्या. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागायचा. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड ठीक निघालं, ड जीवनसत्त्व मात्र 11. ते 20 च्या खाली असलं की कमतरता धरतात. रिपोर्ट घरात फिरला आणि जाऊबाईंनी निकाल देऊन टाकला, "बघ, डी कमी म्हणून झोपेचं खोबरं झालंय. पुड्या घे, घोरणंही जाईल."

पुड्या तर डॉक्टरांनीही दिल्या होत्या. एकेका ग्रॅमच्या, 60,000 युनिटच्या, आठवड्याला एक, आठ आठवडे. दूध कोमट आणि सायीसकट घ्यायचं, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धाबरोबर अंगी लागतं. पुडी दुधात टाकली की दाणे वर तरंगत राहतात, चमच्याने कितीही ढवळा, शेवटी काही पेल्याच्या कडेला चिकटतातच. ते बोटाने पुसून खायचे. चव बिस्किटासारखी गोडसर. एवढ्याने घोरणं जाणार असेल तर कोणाला नको?

ह्यांचा मात्र त्यावर विश्वास बसेना. श्वास थांबताना त्यांनी पाहिला होता. त्यांच्या हट्टापायी चौकमार्गे पनवेल गाठलं आणि झोपेच्या विकारांच्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. जाऊबाईंचा प्रश्न मी जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, असणाऱ्यांत डी कमी आढळतं, हे खरंय. पण वजन वाढलं की डी चरबीत जाऊन बसतं, रक्तात कमी दिसतं. त्याच वजनाने गळ्यातली वाटही अरुंद होते. शिवाय दिवसभर पेंगणारा माणूस उन्हात जातो कधी? म्हणजे एकामुळे दुसरं झालं असंच काही नाही. डी दिल्याने श्वास थांबायचा राहतो, असं खात्रीने सांगण्याइतका पुरावा आज नाही. हाडांसाठी, स्नायूंसाठी घ्या. तुम्हाला त्याची गरजच आहे."

"पण मी तर शनिवारी सकाळच्या शाळेत मुलांची कवायत घेते," मी म्हटलं. "कोवळ्या उन्हात."

कोवळं ऊन इथे फारसं कामाचं नाही, हे तेव्हा कळलं. सूर्य खाली असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि डी तयार करणारे नेमके वाटेतच गळतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडेल तेव्हाचं ऊन हवं, तेही काचेआडून नाही. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाटाला टेकलेले ढग हलत नाहीत, आणि उरलेल्या वर्षात अकराच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, डोक्यावर पदर, वर छत्री! लहानपणी 'काळी पडशील' म्हणून सावलीत ओढणाऱ्या आज्या आठवल्या.

मग झोपेची तपासणी झाली. घरीच. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते आणि वाट मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास अडला की ती एक खेप मोजतात. तासाला 30 च्या वर खेपा म्हणजे आजार तीव्र. माझ्या 38 होत्या. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हे प्रमाण वाढतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. चाळिशीनंतरचा थकवा म्हणजे 'आता वय झालं' एवढंच ऐकलं होतं.

पुड्या आधी सुरू झाल्या आणि मास्कमधून हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवणारं सीपॅपचं यंत्र बरंच नंतर आलं, त्यामुळे कशाने काय झालं ते मला वेगळं सांगता येतं. पुड्यांचा कोर्स संपेतो मांड्यांचं दुखणं ओसरलं, फळ्याखाली पडलेला खडू उचलायला मुलांना सांगावं लागेना. घोरणं होतं तसंच. ह्यांचं जागरणही होतं तसंच. यंत्र लावून झोप जमायला लागली आणि वह्यांवरच्या रेघा थांबल्या.

यंत्राचं कौतुक सांगते आहे असं नाही. मास्कचे वळ पहिल्या तासाला गालावर असतात. भर पावसात नळीत पाणी साचतं आणि मध्यरात्री थेंब नाकावर पडतो. त्यावर ओलाव्याचं बटण कमी करायचं आणि नळी पांघरुणात घ्यायची. वीज गेली की यंत्र मुकं. इन्व्हर्टर घेतला तो फ्रिजसाठी नाही, माझ्या नाकासाठी.

शाळेतल्या मैत्रिणी अजून विचारतात ते पुडीचं नाव. एकजण तर वर्षभर दर आठवड्याला घेते, कोणाला न विचारता. तिला मी सांगितलं, हे लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं. फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मुतखडाही होऊ शकतो. ती म्हणाली, "व्हिटॅमिनच तर आहे." यंत्राबद्दल विचारणारी अजून भेटायची आहे.

माझी पुडी आता डॉक्टरांनी महिन्याला एकवर आणली आहे. यंत्र रोजचं. लग्नाला गेलो की सगळे जेवणाची पंगत कुठे ते बघतात आणि मी खोलीत प्लग पलंगाच्या कुठल्या बाजूला आहे ते.