विरजण आणि गोगलगाय

लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघताना आमच्या हिने मला तीन सूचना दिल्या. गॅस बंद करा, कड्या लावा आणि विरजण संपवू नका. पहिल्या दोन चाळीस वर्षं ऐकत आल्यामुळे मी ऐकल्याच नाहीत. तिसरीने मात्र धस्स झालं. हे विरजण हिच्या माहेरचं. लग्नानंतर सासूबाईंनी वाटीतून दिलेलं, ते माझ्या सहा बदल्या आणि निवृत्तीनंतरचं कुरवंड्याचं बिऱ्हाड पाहून अजून दही लावतं आहे. सासूबाई गेल्या, ती वाटीही गेली, विरजण आहे.

कुरवंड्याचा आषाढ ज्याने पाहिला नाही त्याने पावसाविषयी बोलू नये. नागफणी आठ-आठ दिवस ढगातून डोकं काढत नाही, दोरीवरचा बनियन गणपतीपर्यंत वाळत नाही आणि न्हाणीघराच्या भिंतीवर बिनशंखाच्या गोगलगाई सहकुटुंब फिरायला निघतात. अशाच एकीवर मी मिठाची चिमूट सोडणार, तोच दोन दिवसांसाठी आलेली, प्राणिशास्त्र शिकणारी माझी भाची ओरडली, "मामा, थांब!" आणि तिने गोगलगाईच्या समुद्रातल्या चुलतबहिणीचं चरित्र सुरू केलं.

ही बहीण हिरवी, चपटी, थेट पानासारखी. शेवाळाच्या पेशीला भोक पाडून आतला ऐवज शोषते. बाकीचं पचवते आणि हरितलवकं, म्हणजे उन्हावर अन्न शिजवणाऱ्या चिमुकल्या चुली, तेवढ्या आपल्या पेशींत मांडून ठेवते. जपानमध्ये कावागुटी आणि यामासू यांनी हे १९६५ साली दाखवलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एक जात तर या चुली नऊ-दहा महिने पेटत्या ठेवते.

"ही तर चोरी झाली!" मी म्हणालो.

"चोरी सोपी असते मामा. चालू ठेवणं अवघड."

कारण चुलीच्या डागडुजीची बहुतेक कृती लिहिलेली असते शेवाळाच्या केंद्रकात, आणि ते बाईने केव्हाच गिळलेलं. तिने शेवाळाची जनुकंही पळवली असावीत, असं २००८ साली काही शास्त्रज्ञांनी मांडलं. पुढे तिच्या अंड्यांतला डीएनए तपासला तर तिथे काही सापडेना. २०२५ मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी दुसऱ्या एका जातीत पाहिलं, की ही हरितलवकं गोगलगाईच्याच पातळ पडद्याच्या पिशव्यांत जपलेली असतात आणि तिची स्वतःची प्रथिनंही त्यांना मिळतात. थोडक्यात, चूल दुसऱ्याची, पण सारवण घरचं. आता काही जाती अंधारात ठेवल्या तरी महिनोन् महिने तग धरतात. तेव्हा या चुलींवर पोट किती भरतं, हा वाद आहेच. आणि उपास फारच लांबला, तर बाई चुलीच खाऊन टाकते. हिरवी होती ती नारिंगी होते.

"हावरट मेली," मी म्हणालो.

भाची गेली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने तार तुटली, वीज गेली, दूधवाला फिरकला नाही. रात्री घरात शिळा भात होता आणि मुक्या फ्रिजमध्ये ती वाटी. दोन चमचे मागे ठेवायचे, असं ठरवूनच मी सुरुवात केली होती, हे इथे नमूद करतो. मेणबत्तीच्या उजेडात वाटीचा तळ चकाकला, तेव्हा आरशात पाहायचा धीर झाला नाही. रंग बहुधा नारिंगीच असणार.

तेवढ्यात फोन वाजला. "अहो, नात झाली! नाक अगदी माझ्या आईचं." मग आवाज जरा खाली आणून, "विरजण आहे ना?"

"आहे की!" मी म्हणालो. आनंदाच्या भरात माणूस काहीही बोलतो.

सकाळी उलटी होणारी छत्री सावरत मी शेजारच्या दारात उभा राहिलो. नात झाल्याचं सांगून झालं, पावसाविषयी बोलून झालं. मग घसा खाकरला. शेजारणीने आतून झाकलेली वाटी आणून हातावर ठेवली.

"काकूंचंच आहे, काका. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडूनच नेलं होतं मी."

"पण वाटी तयार कशी?"

"काकू जाताना सांगून गेल्या होत्या ना. म्हणाल्या, आठवड्याच्या आत येतील."

मी दिवस मोजले. पाचवा होता.