कंट्रोलचं कापड आणि जरीची नऊवारी

खानदेशात कापसाची ददात कधीच नव्हती. तापी-गिरणेच्या काळ्या रानात कापूस पिकायचा, जिनिंगमध्ये सरकी निघायची, गाठी बांधल्या जायच्या. अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावला खानदेश मिल, धुळ्यात आणि चाळीसगावातही गिरण्या होत्या. तरीही दुसऱ्या महायुद्धात इथल्या बायकांना लुगड्यासाठी रांगेत उभं राहावं लागलं. देशभरातल्या गिरण्यांचं कापड लष्कराकडे वळलं, भाव भडकले, साठेबाजांचं फावलं आणि 1943 मध्ये सरकारने सूत आणि कापडावर नियंत्रण आणलं. घरातली म्हातारी माणसं त्या काळाला नुसतं ‘कंट्रोल’ म्हणत. कंट्रोलचं कापड जाडंभरडं, मोजून मिळणारं. सणावारालाही जुन्याच लुगड्याला दंड घालायचा.

त्या काळातल्या तमाशाबद्दल आजोबा बोलायचे तेव्हा वगाची गोष्ट त्यांना धड आठवत नसे. राजा कोणता, प्रधान कोण, सगळा गोंधळ. पण नाचणारीची नऊवारी कोणत्या रंगाची होती, पदर किती रुंद होता, पेट्रोमॅक्सच्या उजेडात जर कशी लखलखायची, हे ते काल पाहिल्यासारखं सांगत. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं. आता वाटतं, त्यांना नेमकं तेच आठवणं साहजिक होतं. घरात बायकोच्या अंगावर दंड घातलेलं लुगडं असताना समोर कुणीतरी नऊ वार कापड चापूनचोपून नेसून, काष्टा ओढून, कमरपट्टा आवळून उभी राहते आणि ती आपल्यासाठी सजलेली असते. टंचाईच्या दिवसांत याहून मोठा मान कोणता?

युद्ध लागलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: तिकडे माणसं मरताहेत आणि यांना नाच सुचतोय. बोलणाऱ्याची कळकळ खरी असते, तरी मला ते पटत नाही. नाच दुःख विसरायला लावतो म्हणून दिलासा देतो, असं मी मानत नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला 1964 पासून काडतुसांचा कारखाना आहे. युद्ध ही आमच्या जिल्ह्याला विसरता येणारी गोष्ट नाही. दिलासा आहे तो कुणीतरी घेतलेल्या मेहनतीत. सगळीकडे ‘भागवून घ्या’ चाललेलं असताना एक बाई भागवून घेत नाही. ती पूर्ण साज करते.

ही मेहनत मी सारंगखेड्याच्या यात्रेत जवळून पाहिली आहे. सारंगखेडा आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, 1998 पर्यंत धुळ्यातच होतं. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो आणि तमाशाचे फड उतरतात. दुपारच्या वेळी राहुटीत एक बाई पत्र्याच्या पेटीवर बसून चाळ बांधत होती. आधी घोट्याभोवती जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट गुंडाळली, कातडं घासू नये म्हणून. मग चाळाचे वेढे, एकावर एक, आणि शेवटी गाठ. उभी राहून तिने पाय एकदा आपटून पाहिला, आवाज नीट लागला नाही म्हणून सगळं सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून बांधलं. खेळाला अजून बराच अवकाश होता. शेजारी दुसरी एक जण पदराची उसवलेली किनार इतक्या बारीक टाक्यांनी शिवत होती की लांबच्या प्रेक्षकाला ते कधी दिसणारही नव्हतं.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर 1962 च्या चीन युद्धात जवानांपुढे तमाशा करायला गेल्या होत्या. ते पोरगे घरापासून किती दूर! त्यांच्यापुढे ढोलकी कडाडली असेल, चाळ वाजले असतील, गावच्या जत्रेतला तोच साज थेट तिथे पोचला असेल. ‘तुमच्यासाठी आलो’ हे भाषणातही सांगता येतं. नेसून, सजून, नाचून सांगितलं की ते खरं वाटतं.

युरोपातल्या बॅले मंडळ्यांनाही हे कळलं होतं. मे 1940 मध्ये लंडनचा सॅडलर्स वेल्स बॅले हॉलंडच्या दौऱ्यावर होता. मार्गो फॉन्टेन त्यात नाचत होती. जर्मन फौजा घुसल्या आणि मंडळीला जीव मुठीत धरून मालवाहू बोटीने परतावं लागलं. पडदे, पोशाख, स्वरलिप्या तिथेच राहिल्या. युद्धकाळात त्यांनी वाद्यवृंदाऐवजी दोन पियानोंवरही खेळ चालू ठेवले. 1941 पासून इंग्लंडात कपडे कुपनांवर मिळू लागले. युद्ध संपल्यावर, 20 फेब्रुवारी 1946 ला लंडनचं कोव्हेंट गार्डन नाट्यगृह पुन्हा उघडलं ते ऑलिव्हर मेसेलने सजवलेल्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ने, आणि तेव्हाही कापड कुपनांवरच होतं. त्या टंचाईत लोकांसमोर राजवाडा उभा केला गेला. आणि 2022 मध्ये युक्रेनमधून निसटलेल्या नर्तकांनी आपली मंडळी उभी केली तीही हॉलंडमध्येच, हेगच्या जुन्या संगीतशाळेच्या इमारतीत. ज्या देशातून एक मंडळी पोशाख टाकून पळाली, तिथेच दुसरीने नाचाचे पोशाख पुन्हा अंगावर चढवले, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ स्वस्थ बसून होतो.

फरक पडतो तो पुढे. मेसेलचे पोशाख तिकडे संग्रहालयांत जपले गेले. विठाबाईंची शेवटची वर्षं हलाखीत गेली. 2002 मध्ये त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं, ते चांगलंच आहे. पण आमच्या जत्रांतून नाचून गेलेल्या बाकीच्या कितीतरी जणींच्या नऊवाऱ्यांच्या गोधड्या झाल्या, चाळांचं पितळ मोडीत गेलं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं, हस्तलिखितं डोळ्यांत तेल घालून जपली आहेत. माझं मागणं आहे की धुळ्यात किंवा जळगावात, अशाच एखाद्या जागी फडाची एक पत्र्याची पेटी यावी. आत नऊवारी, कमरपट्टा, चाळ, आणि घोट्याला गुंडाळायची ती सुती पट्टीसुद्धा. ज्या फडमालकांकडे अजून जुनं सामान आहे, त्यांच्याकडे जाऊन रीतसर मोल देऊन ते आणावं, आणि हे येत्या हंगामाआधी, दसऱ्याला फड बाहेर पडायच्या आतच व्हावं.