शून्यापासून पत

सून आणि दीड वर्षांची नात यांना आधार व्हावा म्हणून आम्ही उभयता गतवर्षी कॅनडात, टोरांटोलगतच्या मिसिसागा शहरी सहा महिने राहिलो. नायगारा पाहिला, ओंटारियो सरोवराच्या काठी फिरलो. परंतु ती वर्णने अनेकांनी लिहिली आहेत. तिकडे स्थायिक होऊ पाहणाऱ्या तरुण कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे थोडे लिहावे, हा या लेखाचा हेतू.

पहिला धडा घर शोधतानाच मिळाला. चिरंजीवांनी भाड्याचे एक घर पसंत करून अर्ज दिला आणि दुसऱ्याच दिवशी नकार आला. कारण, पतीची नोंद नाही! मी आयुष्यभर बँकेत इतरांची पत तपासली आणि माझ्याच मुलाची पत शून्य ठरली. भारतात त्याने कर्जाचा एकही हप्ता चुकविला नव्हता. पण तेथील घरमालक पाहतात तो इक्विफॅक्स वा ट्रान्सयुनियन यांचा कॅनडातील अहवाल. आपल्या ‘सिबिल’प्रमाणे तेथेही गुणांक ३०० ते ९०० असतो, मात्र आपली नोंद सहसा तेथे चालत नाही. तान्ह्या लेकरासह तीन आठवडे तात्पुरत्या खोलीत काढावे लागले. अखेर नोकरीचे पत्र आणि पगाराच्या पावत्या पाहून एका सज्जन घरमालकाने विश्वास टाकला.

म्हणून पोहोचताच सर्व्हिस कॅनडाच्या कार्यालयातून नऊ अंकी ‘सिन’ क्रमांक घ्यावा. तो विनामूल्य मिळतो, आणि कोणालाही सहज सांगू नये. बँकेत खाते उघडून छोट्या मर्यादेचे क्रेडिट कार्ड घ्यावे, थोडाच खर्च करावा आणि मुदतीपूर्वी संपूर्ण रक्कम भरावी. ओंटारियोत घरमालकाला पहिल्या महिन्याच्या भाड्याखेरीज फार तर शेवटच्या महिन्याचे भाडे आगाऊ मागता येते. मोडतोडीसाठी वेगळी अनामत मागता येत नाही, हेही ठाऊक असावे.

दुकानातील किमतीवर विसंबू नये. बहुतेक वस्तूंवर १३ टक्के कर गल्ल्यावर वाढतो. धान्य, भाजी, दूध मात्र त्यातून मुक्त. पाकिटावरील घटक वाचण्याची सवय लावावी, कारण दही आणि गोळ्यांतही जिलेटिन आढळते. भेटीस येणाऱ्या आईवडिलांना तेथील सरकारी आरोग्ययोजना लागू नसते. त्यांचा विमा आधीच उतरवावा.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची खरी कसोटी हिवाळ्यात लागते. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरात पावणेपाचलाच सूर्य मावळतो. सूनबाई कामावरून येई तो अंधार पडलेला असे. तिने संध्याकाळचा डबा सोबत नेऊन चार वाजता जेवण्याचा मार्ग काढला. सुरुवातीस सहकाऱ्यांना नवल वाटले. पुढे त्या वेळेत तिला बैठकीस कोणी बोलावीनासे झाले.

आम्ही परत निघालो त्या आठवड्यात चिरंजीवांनी मोबाइलवर आपला पहिला गुणांक दाखविला. आकडा मध्यमच होता. तरी पूर्वी एखाद्या खातेदाराचे पहिले कर्ज मंजूर करताना मला जे समाधान वाटे, तेच त्या क्षणी वाटले. परक्या देशात पूर्वपुण्याई फारशी कामी येत नाही. दिलेली वेळ, भरलेले बिल आणि पाळलेला नियम, यांतूनच तेथे माणसाचे नाव उभे राहते.