केरसुणी

आश्विन अमावास्येस आपल्या घरोघरीं नवी केरसुणी येते, तिला हळदकुंकू लागते आणि लक्ष्मी म्हणून तिची पूजा होते. जिनें घाण काढावयाची तिलाच लक्ष्मी कां म्हणावें, असें मुलें विचारतात. वडील मंडळी ‘पूर्वापार चालत आलें आहे’ एवढें सांगून मोकळी होतात. आमच्या मतें उत्तर सोपें आहे. केर, मळ, अव्यवस्था हीच अलक्ष्मी. तिला बाहेर घालविते ती लक्ष्मी.

अमरकोशांत हिला ‘संमार्जनी’ व ‘शोधनी’ अशीं नांवें आहेत. मनूनें गृहस्थाच्या घरांतील पांच ‘सूना’, म्हणजे जीवहिंसेचीं स्थानें, सांगितलीं; त्यांतील ‘उपस्कर’ या शब्दांत टीकाकार कुल्लूकभट्ट केरसुणीही घेतो. झाडतांना मुंग्याकिडे मरतात, त्याची निष्कृति म्हणून नित्य पंचमहायज्ञ! मुंगीचाही विचार करणारें हें शास्त्र खरोखर सूक्ष्म आहे.

केरसुणी शिंदीच्या पानांची, घरासाठीं; खराटा माडाच्या हिरांचा, अंगणासाठीं. सारवलेल्या जमिनीवर खराटा फिरविणारी सून आमच्या आजीच्या तडाख्यांतून सुटत नसे, कारण पोपडे निघत. दिवेलागणीनंतर केर काढूं नये, काढलाच तर बाहेर टाकूं नये, हाही तिचा दंडक. मिणमिणत्या उजेडांत कानांतलें मोतीं केराबरोबर जाऊं नये, एवढाच त्यांतील व्यवहार असावा.

परंतु मुंगीची चिंता वाहणाऱ्या आपल्या समाजानें केरसुणी वळणाऱ्याची किती वाहिली? महाराष्ट्रांत हें काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यत्वें मातंग समाजानें केलें. त्यांच्या हातची केरसुणी पूजेच्या पाटावर बसली. ते हात मात्र अंगणाच्या कडेस राहिले, आणि दाम वरून टाकले गेले. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. गाडगे महाराज (१८७६–१९५६) तर हातांत खराटा घेऊन गांवोगांव फिरले. दिवसा गांव झाडावें, रात्रीं कीर्तनांत माणसांचीं मनें झाडावीं, असा त्यांचा क्रम. त्यांची तसबीर आज पुष्कळ घरांत दिसते. त्याच घरांच्या दारांत लक्ष्मीपूजनाच्या सकाळीं केरसुणीवालीशीं पांच रुपयांसाठीं चाललेली घासाघीसही आम्हीं ऐकली आहे.

आतां बाजारांत प्लॅस्टिकचे झाडू आले आहेत. टिकतात म्हणे. आमच्या घरीं मात्र शिंदीचीच येते, आणि केरसुणीवाली सांगेल तोच भाव, असा नियम सूनबाईंनीं घातला आहे. आम्हांस तो पसंत आहे.