हुडवा

होळीच्या आदल्या रात्री हुडवा राखायचा असतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हुडवा म्हणजे वाळलेल्या शेणी रचून वर पाचट घातलेला ढीग. बायामाणसांनी हिवाळाभर शेणात भुसकाट कालवून थापलेल्या शेणी, पावसाळ्याची बेगमी. आणि होळीला त्या पळवणं हा पोरांचा हक्क. मालकीण दारात उभी राहून सात पिढ्यांचा उद्धार करायची, पोरं बोंब मारायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई त्याच होळीला पोळीचा निवद घेऊन यायची.

आता हुडवेच उरले नाहीत. गॅस आला, म्हशी कमी झाल्या. त्यात 2019 चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांवर गेली की धोका समजायचा. त्या ऑगस्टात ती 55 फुटांच्या वर गेली. वैरण कुजली, जनावरं गेली.

त्यानंतरच्या होळीला, मार्च 2020 मध्ये, आमच्या हायस्कूलची नववीची पोरं-पोरी पोती घेऊन भर दिवसा दारात आली. "आजोबा, शेणी द्या. होळीला न्हाई, स्मशानाला."

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला पाहिजे. कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. शेणी, लाकूड तिथंच मिळतं. त्याला लोकांचाही हातभार असतो. होळी लहान करायची आणि वाचलेल्या शेणी तिथं नेऊन द्यायच्या, असं कोल्हापुरातल्या तालमी, तरुण मंडळं, शाळा बरीच वर्षं करत आल्यात. पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, तुमच्याकडं समाजकार्याची संस्था कुठली? आमच्याकडं तालीम असते. तिथं कुस्ती होते, गणपती बसतो आणि पुरात चुलीही पेटतात. त्या वर्षी आमच्या गावच्या मंडळानं मनावर घेतलं आणि सरांनी नववीचा वर्ग त्यांच्या हाताखाली दिला.

गावात कुरकुर झालीच. "शिकायला घातल्यात का मसणाची कामं करायला?" असं एक-दोघं पारावर म्हणाले. सरांनी वाद घातला नाही. एका घरातनं पाचच शेणी घ्यायच्या, एवढं पोरांना बजावलं.

आमच्या शेजारच्या वैनीचा मात्र हुडवा होता. मीठमिरचीचा खर्च तिचा शेणीवर चालतो, शेकड्यानं विकते. महापुरात तिची एक म्हैस गेलेली, त्यामुळं हुडवाही निम्माच. मी पोरांना म्हटलं, तिथं जाऊ नका. तिनं कुंपणापलीकडनं ऐकलं.

"का हो भावजी, का न्हाई माझ्यात यायचं?"

आणि तिनं पाचट बाजूला सारलं. पाच नाही, दहा नाही, पोती भरायला लागली. सर पळत आले, "मावशी, पुरे, पुरे." तिनं हात थांबवला नाही. तिचा नवरा तीन वर्षांमागं श्रावणात कोल्हापूरच्या दवाखान्यात वारला. पाऊस असा, की ओढ्याला पाणी, गावात मढं आणायला वाट नाही. आम्ही चौघांनी पंचगंगेवरच आटोपलं. एक रुपया लागला नाही, हे मीच तिला येऊन सांगितलं होतं.

ट्रॉली भरली. ट्रॅक्टर माझा, हाकणारा मी. निघताना दुसरा घोळ झाला. पोरं चढली, पोरी चढायला लागल्या तसं एका पालकानं हटकलं, पोरींनी स्मशानात जायचं नसतं. सर गप्प. मलाही काय बोलावं सुचेना. एक पोरगी, काडीएवढी, ट्रॉलीच्या फाळक्याला धरून म्हणाली, "मग शेणी थापल्या कुणी?"

कुणी उत्तर दिलं नाही. तेवढ्यात वैनी पदर खोचून आली आणि शेणींवर चढून बसली. "मी चाललीया. मालकाला कुठं ठेवलं ते बघितलेलं न्हाई मी." तिच्यामागनं पोरी चढल्या. हटकणारा तोंड फिरवून विडी पेटवत बसला.

स्मशानात एक चिता जळत होती. गावापासनं गोंधळ घालत आलेली पोरं एकदम गार झाली. ओळीनं उभी राहून हातोहात शेणी उतरवल्या. वैनीनं मला हळूच विचारलं, "कुठल्या जागी?" मी एक चौथरा दाखवला. तिथं कालचीच राख भरायचं काम चाललं होतं. ती थोडा वेळ बघत राहिली, मग परत ओळीत जाऊन उभी राहिली.

त्या काडीएवढ्या पोरीनं तिथल्या कामगाराला विचारलं, "काका, एकाला किती लागत्यात?" त्यानं रचलेला एक ढीग दाखवला. पोरं नजरेनं मोजायला लागली. आमच्या ट्रॉलीत दोन माणसांपुरत्या होत्या, जेमतेम.

"एक फिटला," वैनी म्हणाली. "दुसरा कुणाचा का असंना."

पंधरा-वीस दिवसांत टाळेबंदी लागली. त्या वर्षात पंचगंगेवर काय चाललं होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पण त्या दिवशी आम्हाला कुणालाच पुढचं ठाऊक नव्हतं. परतताना पोरांनी रंकाळ्यावर भेळेसाठी हट्ट धरला. सर म्हणाले, आधी हातपाय धुवा. पोरी हातपाय धुऊन भेळेवर तुटून पडल्या. वैनीनं काही खाल्लं नाही. मसणातनं आल्यावर आंघोळीशिवाय तोंडात घास घालायचा नाही, ती म्हणाली, आणि आपल्या वाटणीची पुडी त्या पोरीला दिली.