पिल्लांविना पान्हा

समोरच्या काकूंची कुत्री राणी जिन्याखाली जुनी चादर उकरून बसली होती. पोटाशी रबरी बदक, चाटून चाटून ओलं. काकूंनी हात पुढे केला तर गुरगुरली. मागच्या आचळाच्या टोकाशी दुधाचा थेंब लोंबत होता. "अगं, हिला कधी एकटी बाहेर सोडलीच नाही गं!" काकू म्हणाल्या.

कुत्रीचा माज ओसरला की पिल्लं राहोत न राहोत, तिचं शरीर पुढचे दोनेक महिने एकाच वाटेनं चालतं. प्रोजेस्टेरॉन चढतं, ते उतरू लागलं की प्रोलॅक्टिन वर येतं, आचळं भरतात. कुत्री साधारण 63 दिवसांनी विते, आणि न राहिलेल्या गर्भाचं दूधही त्याच सुमारास उतरतं. लांडग्यांच्या कळपात बहुधा एकच मादी विते. तिची पिल्लं इतरांनाही पाजता यावीत म्हणून ही सोय उरली असावी, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं. आफ्रिकेतल्या बुटक्या मुंगसांत न व्यालेल्या माद्या दुसरीची पिल्लं पाजतातच.

पिल्लाविना पान्हा मी आधीही पाहिला होता. आजोळी एकदा म्हशीचं रेडकू मेलं. आजोबांनी त्याचं कातडं सोलवून घेतलं, मीठ लावून वाळवलं, पेंढा भरून शिवलं. डोळ्यांच्या जागी नुसती सुतळीची शिवण. ते म्हशीपुढं ठेवलं आणि आजी चरवी घेऊन बसली. म्हैस आधी लांबूनच हुंगत राहिली. मग तिनं त्या पाठीवर जीभ फिरवली; वाळल्या कातड्यावर जिभेची खरखर दारापर्यंत ऐकू येत होती. हळूहळू सड ताठले, चरवीत धार वाजली. आजी तोंडानं म्हशीला चुचकारत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. घरात दुधाची गरज होती, हे खरं. तरी तो प्रकार मला आजही क्रूर वाटतो. ऑक्सिटोसिनमुळं म्हैस पान्हवते हे पुढं कळलं, पण ती खरखर कानातून गेली नाही.

राणीला कुणी फसवलं नव्हतं. तिचं दूध तिच्याच रक्तातून आलेलं, म्हणून मला त्याचा आदर वाटतो.

बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत असं दूध आपोआप आटतं. तोवर आचळं पिळू नका, चोळू नका. त्यानं दूध वाढतं. आचळ लाल, गरम, कडक झालं किंवा कुत्रीनं खाणं सोडलं तर डॉक्टरांकडं न्या. नसबंदी करायची असेल, तर आधी दूध पूर्ण आटू द्या.