तंजावरचा सरस्वती महाल

तंजावरास गेलेला मराठी प्रवासी बृहदीश्वराचें शिखर पाहून थक्क होतो. त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास मात्र क्वचितच वाचतो. तेथून आम्ही सहकुटुंब राजवाड्यांतील सरस्वती महाल ग्रंथालयांत गेलों. संग्रह मूळचा नायक राजांचा. परंतु त्याला वैभव आणलें दुसऱ्या सरफोजीनें. १७९९ सालीं राज्यकारभार इंग्रजांच्या हातीं गेला आणि हा राजा ग्रंथांत रमला. काशीयात्रेंतही त्यानें पोथ्या मिळविल्या. आपल्या पुस्तकांवर तो स्वतः सही करी. राजाची ही हौस १९१८ सालीं सर्व लोकांस खुली झाली.

पोथ्यांना कसर लागूं नये म्हणून तेथें वेखंडादि द्रव्यांच्या पुरचुंड्या ठेवतात. आमच्या घरीं बाळाला उगाळून देतात तेंच वेखंड! संस्कृत, तमिळ, तेलुगू यांच्या पंक्तीस मराठीही इतक्या मायेनें जपलेली पाहून ऊर भरून आला.

एका कांचेखालीं मोडी पत्र होतें. थोरल्या वहिनींनीं विचारलें, "भावोजी, काय हो लिहिलें आहे?" आमचे आजोबा भराभर मोडी लिहीत; मला 'श्री'पुढें एक अक्षर लागेना.